भिंतीकडे तोंड

भिंगारच्या ख्रिस्ती आळीत योहान सुताराला कुणी सलाम केला, तर तो आधी सलाम करणाऱ्याच्या हाताकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. आज हा सलाम का करतोय? काल तर केला नव्हता! देवळात पाळकसाहेब सगळ्यांना डोळे मिटायला सांगत, तेव्हाही योहानचा एक डोळा उघडा असे. काय व्हायचं ते सगळ्यांचे डोळे मिटल्यावरच होतं, असं त्याचं म्हणणं. बायको हन्ना म्हणायची, "ह्यांना सर्गात नेलं तरी फाटकाची कडी हलवून बघत्याल, पक्की हाय का न्हाई." यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

हा स्वभाव जन्माचा नव्हे. तो त्याला लावला जामखेडच्या गहिनीनाथ मिस्त्रीनं. गहिनीनाथ बैलगाडीची चाकं करायचा. त्याची चाकं अख्ख्या तालुक्यात नावाजलेली. चाकाचे आरे मधल्या तुंब्यात सरळ बसवत नाहीत, किंचित बाहेर कलते बसवतात, म्हणजे भरली गाडी खड्ड्यात आदळली तरी चाक तग धरतं. तो कल किती ठेवायचा यातच सगळी विद्या. लाकूड कसं ओळखायचं, लाकूड तासायचा वाकस कसा धरायचा, हे सगळं म्हाताऱ्यानं योहानला हात धरून शिकवलं. पण कलाची खूण करायची वेळ आली की तो पाठ फिरवून बसे आणि म्हणे, "जा रं, पानी आन." योहाननं सहा वर्षं पाणी आणलं. मग एके दिवशी म्हातारा बाजाराला गेलेला बघून त्यानं तयार चाकाला दोरी लावली, माप काढलं आणि त्या मापानं स्वतः एक चाक केलं. गहिनीनाथनं ते चाक दोनदा फिरवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी योहानची हत्यारं पोत्यात बांधून त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

यातून योहाननं धडा घेतला तो असा: शिकवणारा कितीही देवमाणूस असो, शेवटची खूण तो पाठीआड ठेवतोच. मागून मिळतं ते साल, गर चोरूनच खावा लागतो. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. योहान तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. आणि गंमत बघा, पुढे तो स्वतः कारागीर झाला, भिंगारला येऊन कॅम्पातल्या लष्करी मेसचं लाकूडकाम करू लागला, तेव्हा सरसात काय किती घालायचं ते ठरवताना तोही गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवूनच बसे.

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नगरच्या किल्ल्यात मोठमोठे पुढारी कैदेत होते, त्यामुळे शहरात दोन माणसं लिंबाखाली उभी राहून बोलली तरी तिसरा कान टवकारायचा. कॅम्पात गोरे सोल्जर रणगाडे चालवायला शिकत होते. चौकात रोज एक नवीन अनोळखी माणूस विडी ओढत बसलेला दिसे, आणि तो पोलिसांचा असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. योहानला हे दिवस मानवले. आता सगळं गावच त्याच्यासारखं वागत होतं.

अशात एका दुपारी मेसमधला थॉमस त्याच्या घरापुढच्या दुकानात आला. थॉमस गोव्याचा, पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं काटकुळा. आठवडाभर तो साहेबांची टेबलं लावायचा आणि शनिवारी संध्याकाळी नाच असला की पाच जणांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. बोलताना, हसताना त्याचा डावा हात आपसूक तोंडावर जायचा. योहाननं ते पहिल्या भेटीतच टिपून ठेवलं होतं. तोंड झाकून बोलणारा माणूस काहीतरी झाकतो, हे उघड आहे.

"मेस्त, हिचा गळा सुटला," थॉमस म्हणाला. सुताराला गोव्याकडे मेस्त म्हणतात. त्यानं कापडात गुंडाळलेली मेसची गिटार समोर ठेवली. उन्हानं लाकूड आखडून तिची दांडी पोटापासून सुटली होती.

योहाननं सांधा तपासला, पाठ फिरवली आणि सरस कालवायला बसला.

"माझ्याकडे पाठ कशाला रे?" थॉमस हात तोंडावर धरून हसला.

"सवय हाय," योहान म्हणाला. थॉमसनं पुन्हा विचारलं नाही.

चार दिवसांनी तारा चढवून थॉमसनं दुकानातच, रंध्याच्या भुशात उभं राहून, एका तारेवर पाच-सहा सूर वाजवले. नुसते वाजवले नाहीत, बोलल्यासारखे सोडले. योहानचा हात थांबला. आपण जोडलेलं लाकूड बोलतं हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आजवर त्याचं लाकूड फार तर कुरकुरलं होतं. त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं आणि लगेच त्याला त्याचीही शंका आली.

"मजुरी नको," तो म्हणाला. "हे शिकवा."

"दे हात," थॉमस म्हणाला, आणि हीच गोष्ट योहानच्या मनात खुपली. इतक्या सहज कुणी 'दे हात' म्हणतं का?

शिकवणी चालायची मेसच्या मागच्या सामानाच्या खोलीत, दुपारी, साहेब लोक जेवून आडवे झाले की. पहिल्या दिवशी गिटार हातात देण्याआधी थॉमस म्हणाला, "एकच लक्षात ठेव, मेस्त. तोंडात आलं नाही ते बोटात आणायचं नाही. आधी गा, मग वाजव." योहाननं मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं, पाणी आणायला धाडलं.

पुढचं मात्र त्याला लगेच पटलं, कारण ते मापाचं होतं. दांडीवर पितळेच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे घर. एका सुरापासून निघायचं: दोन घरं, दोन घरं, एक घर, मग दोन, दोन, दोन आणि एक. पुन्हा तोच सूर, पण वरचा. कुठूनही निघा, पावलं हीच. मिशनच्या शाळेत पेटीवर सा रे ग म घोकलेला होता, पण त्यामागे असं फूटपट्टीचं गणित आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कानामागची पेन्सिल काढून ते एका फळकुटावर लिहून घेतलं.

घरी गिटार कुठली? म्हणून त्यानं शिसवाच्या तुकड्याची हुबेहूब दांडी केली, मापात पट्ट्या ठोकल्या, सहा तारा ताणल्या. खाली पोट नाही. त्यामुळे आवाजही नाही, नुसती टिकटिक. योहानला तेच हवं होतं. आळीतली पंच मंडळी नाचाच्या वाजपाला सैतानाचा धंदा समजत. त्यात थॉमस रोमी, म्हणजे रोमन कॅथलिक, मिशनच्या लोकांना आणखीनच परका. शिवाय आपण काय शिकतोय ते शेजाऱ्यांना कळावंच कशाला? म्हणून योहान रोज संध्याकाळी दार लोटून मुक्या फळीवर बोटं चालवायचा, वर आणि खाली, वर आणि खाली, ओठ घट्ट मिटून.

शेजारच्या छबूबाईनं एकदा फटीतून हे पाहिलं आणि ती तडक हन्नाकडे आली. "अगं हन्ना, तुझा मालक तारायंत्र खेळतोय का काय? किल्ल्यातल्यांना निरोप धाडतोय बग. पोलिसांनी उचलला म्हंजी?"

हन्नानं ती फळी एकदा हातात घेऊन उलटीपालटी केली. नवऱ्याला म्हणाली, "अवो, येडं व्हायचं आसंल तर उघड्यावर व्हा. दार लावून होऊ नका. लोक भलतं बोलत्यात."

सहा महिन्यांत योहानची बोटं पळायला लागली. कुठलाही सूर द्या, तिथून तो सप्तक असं चढायचा की थॉमस मान डोलवायचा. मग थॉमस दुसरी गिटार, फुटक्या पोटाची, घेऊन खालून साथ धरण्याआधी म्हणायचा, "आता बांधलेलं काही नाही. तुझं वाजव." नाचाच्या गाण्यात मधेच एकेका वादकाला एकट्याला सोडतात, तेवढ्या वेळात त्यानं जागच्या जागी आपलं काही उभं करायचं. हेच तर योहानला हवं होतं. पण त्याला सोडलं की तो शिडी चढायचा आणि शिडी उतरायचा. एक सूर चुकायचा नाही आणि एकही सूर ऐकावासा वाटायचा नाही. त्याचं त्यालाही ते कळायचं, हे दुःख जास्त.

"सगळी घरं घेतलीच पाहिजेत असं कुणी सांगितलं? चार घे, बाकीची सोड," थॉमस म्हणे. "खालची साथ बदलली की ज्या सुरावर ती उभी राहील तिथे तू येऊन थांब. बाकीचे सूर वाटेतले. एक प्रश्न विचार, थांब, मग उत्तर दे. गप्प बसणं हेसुद्धा वाजवणंच आहे, मेस्त. आणि गा रे, तोंड उघड."

योहान हे सगळं ऐकायचा आणि त्याचे डोळे बारीक व्हायचे. थांब, सोड, गा! ही काय मापं झाली? दोन-दोन-एक हे माप. बाकी सगळं तोंडदेखलं. खरं माप कुठेतरी दुसरंच आहे, आणि ते कुठे आहे तेही त्याला ठाऊक होतं. कारण थॉमस स्वतः जेव्हा एकट्यानं वाजवायचा, तेव्हा दरवेळी, न चुकता, स्टुलावर अर्धा वळून भिंतीकडे तोंड करायचा. योहानला दिसायची ती फक्त पाठ आणि मळक्या सदऱ्यावरचा घाम. त्या पाठीपलीकडून असे सूर यायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी आपलं माणूस फार दिवसांनी बोलतंय. गहिनीनाथ मिस्त्रीची पाठही अशीच होती.

त्यानं सगळे प्रयत्न केले. जागा बदलून बसून पाहिलं. थॉमस तेवढा आणखी वळला. वाकून पाहिलं, खांदा आड आला. मध्येच पाणी द्यायच्या निमित्तानं पुढे गेला, तर थॉमसनं वाजवणंच थांबवलं आणि हात तोंडावर नेला. आता आणखी पुरावा काय हवा?

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये बातमी आली. थॉमसचा साहेब आसामच्या सरहद्दीकडे निघाला होता आणि थॉमसला बरोबर नेणार होता. गुरुवारी सकाळी गाडी. गिटार मेसची, ती इथेच राहणार. बँडमधली जागा रिकामी होणार होती, आणि बँडमास्तर शनिवारी योहानला ऐकणार होता. "मी तुझं नाव सांगितलं," थॉमस म्हणाला. "फक्त एकट्याचं वाजवायला सांगतील. तेवढं जमव. जमलं की जागा तुझी."

योहानला ती जागा हवी होती. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं इतकी हवी होती. खाटा-खुर्च्या ठोकून तो चाळिशीला आला होता. त्याच्या हातांनी दुसरंही काही होऊ शकतं हे त्यानं एकदा ऐकलं होतं आणि ते आता विसरता येत नव्हतं. आणि तरीही थॉमसनं आपलं नाव का सांगितलं, हा किडा डोक्यातून जाईना. गुपित न देता नाव सांगायचं, म्हणजे शनिवारी चारचौघांत फजिती! मग गोव्याहून कुणी भाचा-पुतण्या यायचा आणि जागा घरातल्या घरात राहायची. चोराच्या मनात चांदणं, आणि योहानच्या मनात तर बारमाही पौर्णिमा.

मंगळवारी त्यानं डाव टाकला. सामानाच्या खोलीत एक कपाट होतं, त्याच्या दाराचा आरसा फुटून वर्ष झालं होतं. योहान सकाळीच गेला, नवा आरसा बसवला आणि दाराची बिजागरी अशी सैल केली की दार आपोआप हवं तेवढं उघडं राहावं. थॉमसचं स्टूल, भिंत आणि आरसा, तिन्हींचा कोन त्यानं सुतळी लावून पाहिला. दुपारी आपल्या जागेवर बसला की आरशात थॉमसची दोन्ही हातांची बोटं दिसणार होती. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, ते मनात सुलटं करून घ्यायला सुताराला काय कठीण?

दुपार झाली. थॉमस नेहमीसारखा वळला आणि वाजवू लागला. योहाननं पहिल्यांदा ती बोटं पाहिली.

तीच घरं. तीच दोन-दोन-एक. वर्षभर फळकुटावर लिहिलेलं, तेच आणि तेवढंच. त्यातलीही निम्मी घरं थॉमस घेतच नव्हता. योहान भराभरा टिपू लागला: तिसरं, पाचवं, थांबला, परत तिसरं. बोटांवरून त्याची नजर हलली नाही. वर थॉमसचं तोंडही दिसत होतं, ओठ हलत होते, गळ्याची गाठ खालीवर होत होती. पण तोंडाकडे कशाला बघायचं? विद्या बोटांत असते.

सूर थांबले. योहाननं मान वर केली, तर आरशातून थॉमस त्याच्याकडेच बघत होता.

"मेस्त," तो तोंडावर हात नेत हळूच म्हणाला, "आरसा आजच बसवायचा होता?"

"काम ऱ्हायलं हुतं."

"माझी बोटं बघायची होती, तर विचारायचं. समोर बसून वाजवलं असतं."

योहानचा पारा चढला. पकडला गेलेला माणूस फार लवकर चिडतो. "मंग वरीसभर का न्हाई वाजवलं समोर? पाठ कशापायी?"

थॉमसनं तोंडावरचा हात काढला. बोलताना तो हात वर्षभरात पहिल्यांदाच खाली आला. वरचे पुढचे दात नव्हते, चारही. "वाजवताना मी गातो," तो म्हणाला. "आवाज काढत नाही, पण तोंड हलतं. असं, म्हशीसारखं. एका शनिवारी एका मडमेनं पाहिलं आणि हसली. एकटी हसली असती तर चाललं असतं, तिनं टेबलावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून मला भिंत बरी वाटते." मग तो स्टुलावर सरळ वळला, योहानच्या समोर आला आणि त्या बोळक्या तोंडानं, फाटक्या आवाजात, चार सुरांची एक ओळ गायला. तीच ओळ तारेवर वाजवली. पुन्हा गायला, शेवट बदलून. पुन्हा वाजवली. "एवढंच आहे," तो म्हणाला.

योहानच्या जागी दुसरा कुणी असता तर उठून त्याचे हात धरले असते. एक म्हातारा होऊ घातलेला माणूस आपली लाज उघडी करून दाखवतो, यापरतं देणं ते काय? पण संशय ही कावीळ आहे. दूधही पिवळं दिसतं. योहान खाली बघून म्हणाला, "ते झालं, थॉमसभाऊ. पन खरं काय ते सांगा की. जाता जाता तरी सांगा."

थॉमस स्टुलावरून उठला. त्यानं गिटार कापडात गुंडाळली.

"खरंच दिलं रे," तो म्हणाला. "वर्षभर तेच देत होतो." आणि हात पुन्हा तोंडावर ठेवून तो खोलीबाहेर गेला.

बुधवारी शिकवणी झाली नाही. गुरुवारी सकाळी योहान स्टेशनवर गेला नाही. दुकानात बसून तो आरशातलं टिपण पाठ करत होता.

शनिवारी दुपारी बँडमास्तर पियानोवर बसला, साथ धरली आणि मानेनं खूण केली. योहाननं थॉमसचं वाजवणं जसंच्या तसं वाजवलं. तिसरं, पाचवं, थांबणं, परत तिसरं, थांबणंसुद्धा मोजून. बँडमास्तरची मान डोलली. संपल्यावर तो म्हणाला, "छान. हा थॉमस झाला. आता तू वाजव."

पुन्हा साथ सुरू झाली. योहानची बोटं दांडीवर होती, सगळी घरं समोर उघडी होती, आणि कुठल्या घरात का जायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो शिडी चढला. शिडी उतरला. पुन्हा चढायला लागला तेव्हा पियानो थांबला.

"नवल आहे," बँडमास्तर झाकण लावत म्हणाला. तो रागावला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "थॉमस माझ्या मागेच लागला होता. बुधवारी संध्याकाळीसुद्धा येऊन सांगून गेला. माझी जागा त्यालाच द्या म्हणाला. कान सरळ आहे त्याचा, म्हणाला, फक्त तोंड उघडत नाही."

बुधवारी. म्हणजे आरशानंतर. योहान मेसच्या मागच्या दारानं बाहेर पडला आणि भिंगारच्या वेशीपर्यंत चालत आला तरी त्याला आपण चालतोय हे कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्याचा वळसा असा पडला की कळशाचा मालकच निघून गेला. घरी येऊन त्यानं मुकी फळी कोनाड्यातून काढली आणि अंगणात नेऊन तिच्या तारा एकेक करून तोडल्या. हन्ना दारात उभी राहून बघत होती. मग तिनं तुटलेल्या तारा वेचून घेतल्या.

पण लाकडाचा माणूस लाकडाला फार दिवस सोडत नाही. लढाई संपली त्या वर्षी योहाननं पोटासकट गिटार करायला घेतली. फुटक्या पियानोची एक फळी मेसच्या भंगारात मिळाली, तिचा पुढचा भाग केला. आठ महिने लागले. तयार झाल्यावर ती आणखी दोन महिने खुंटीवर नुसती टांगलेली होती, कारण वाजवायचं काय, हा प्रश्न तसाच होता.

त्याचं उत्तर मिळालं ते हन्नाच्या तोंडपट्ट्यात. एका दुपारी दुकानात येऊन ती त्याला झाडत होती. विषय नेहमीचाच, कुण्या बिचाऱ्या गिऱ्हाइकावर संशय घेऊन त्यानं हातचं काम घालवलं होतं. "आता ह्या मानसानं तुमचं काय वाकडं केलं हुतं?" असं चढ्या सुरात विचारून ती थांबली. थांबली, आणि त्या थांबण्याची योहानला बोलण्यापेक्षा जास्त धास्ती वाटली. मग खाली येत, एकाच शब्दात, "बोला," म्हणाली. पुन्हा थांबली. पुन्हा तोच प्रश्न, पण शेवट वेगळा.

योहानची मान वर झाली. एक प्रश्न विचार, थांब, मग उत्तर दे. ही बाई वीस वर्षं त्याच्या घरात हेच वाजवत होती! त्यानं खुंटीवरून गिटार काढली आणि हन्नाचं बोलणं, शब्द सोडून, नुसत्या सुरानं, तोंड उघडून गुणगुणलं. घसा खरखरीत होता. लाज वाटली. पण जे तोंडात आलं ते बोटांनी शोधलं, आणि बोटांना सापडलं, कारण सगळी घरं त्यांना झोपेतही पाठ होती. चारच सूर होते. ते बोलले.

"मला येडावून दाखवताय व्हय?" हन्ना ओरडली. मग तिच्या लक्षात आलं की नवरा रडतोय, आणि ती त्याच्या शेजारी भुशात बसली.

तिथून पुढची वर्षं योहान वाजवत राहिला. मिशनच्या हंगामाच्या सणाला गीताच्या दोन कडव्यांच्या मधे त्याला एकट्याला सोडत. पंचांनी आधी नाकं मुरडली, मग ती आपोआप सरळ झाली. लोक म्हणत, योहान मिस्त्रीची गिटार बोलते. त्याचा एक डोळा मात्र प्रार्थनेत अजून उघडा असे. इतका काही माणूस बदलत नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीनंतर भिंगारचाच सहादेव त्याच्याकडे आला. मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचा, शेती करायचा, तिशीतला तगडा गडी. त्याला हे शिकायचं होतं. योहाननं त्याला दोन-दोन-एक दिलं, आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "तोंडात आलं न्हाई ते बोटात आनायचं न्हाई." सहादेवानं मान डोलावली. दोन महिन्यांत त्याची बोटं शिडी चढायला लागली.

एका दुपारी सहादेव म्हणाला, "मिस्त्री, तुमचं वाजवा की एकदा." योहान वाजवू लागला. सूर रंगात आले. मधेच त्याला मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. सहादेव उठून, मान लांब करून, त्याच्या खांद्यावरून बोटांकडे बघत होता. डोळे बारीक झाले होते. ते डोळे योहाननं ओळखले.

"मिस्त्री, एक इचारू?" सहादेव म्हणाला. "ऐन रंगात आलं की तुमी भिताडाकडं तोंड करता. दरवक्ताला. काय झाकताय?"

योहाननं समोर पाहिलं. हातभर अंतरावर त्याच्याच दुकानाची भिंत होती. आपण कधी वळलो हे त्याला कळलंच नव्हतं. वाजवताना आपलं तोंड हलतं, वेडंवाकडं होतं, हे हन्नानं एकदा हसत हसत सांगितलं होतं, तेवढंच त्याला आठवलं.

त्यानं स्टूल फिरवलं आणि सहादेवाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. दुकानाचं दार उघडं होतं, रस्त्यानं माणसं जात होती, छबूबाई ओट्यावर तूर निवडत होती. योहाननं तोंड उघडलं आणि मोठ्यानं, फाटक्या गळ्यानं, चार सुरांची एक ओळ गायली. मग ती वाजवली. पुन्हा गायला, शेवट बदलून. पुन्हा वाजवली. छबूबाईचे हात सुपात थांबले.

"एवढंच हाय," तो म्हणाला. "दुसरं काय बी न्हाई. इस्वास ठेव."

सहादेवानं नजर बोटांवरून योहानच्या तोंडाकडे नेली, आणि हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो हसला. "लई सोपं हाय की वो. कुनी शिकवलं तुमाला?"

"थॉमसभाऊनं. गोव्याचा हुता. आसामकडं गेला लढाईत."

"गोव्यात कुठला? आमचा एक पाव्हना जातो तिकडं. गाव सांगा, चौकशी करू. असंल जित्ता तर भेटंल."

योहाननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. वर्षभर तो त्या माणसापासून दोन हातांवर बसला होता. त्याच्या कुठल्या बोटाला घट्टा होता, कुठलं नख चिरलेलं होतं, कुठल्या तारेवर त्याचा अंगठा किती कलायचा, हे सगळं त्याला आजही पाठ होतं.

"गाव," तो म्हणाला, आणि तारांवर आडवा हात ठेवून त्यानं त्या गप्प केल्या. "गाव न्हाई इचारलं मी."